गोष्ट तोंडची की पानावरची?

अक्षरओळख नसलेल्या लेकराला पुस्तक वाचून दाखवायचं, यात पुण्या-मुंबईच्या घरांत कुणाला काही वावगं वाटत नाही. परभणी जिल्ह्यातल्या वालूरसारख्या गावात मात्र त्यावर प्रश्न विचारले जातात, आणि ते अडाणीपणाचे नसतात. सेलू तालुक्यातलं हे जुनं गाव गोलाकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांच्या बारवेमुळे अलीकडे बाहेरच्यांनाही ठाऊक झालं आहे. इथल्या एखाद्या घरात होऊ शकेल असा हा संवाद. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, सगळी नोकरी पहिली ते चौथीच्या वर्गांत गेलेली. भाची परभणीत बालवाडी चालवते आणि साडेतीन वर्षांच्या लेकीला घेऊन आजोळी आली आहे. माणसं कल्पित आहेत, मुद्दे खरे आहेत.

मामा : तुझ्या पिशवीत लेकीच्या कपड्यांपेक्षा पुस्तकंच जास्त निघाली. तिला अजून ‘अ’ ओळखू येत नाही. मग रात्री अर्धा अर्धा तास काय वाचायलीस तिच्यापुढं?

भाची : मी एकटी कुठं वाचते, मामा? पानं ती उलटते. मी दोन ओळी वाचते, की ती चित्रावर बोट ठेवून काहीतरी विचारते. कधी मी उत्तर देते, कधी तिलाच विचारते, तुला काय वाटतं? अर्ध्या तासात काही वेळा चारच पानं होतात.

मामा : हे तर माझी माय पुस्तकाशिवाय करती. तिनं शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण गोष्ट अशी सांगती की लेकरू हुंकार देत देत झोपी जातं. तिची गोष्ट रोज थोडी निराळी असती. लेकरू भ्यालेलं असलं की राक्षस लवकर मरतो. झोप येत नसली की जंगल लांबत जातं. छापलेल्या गोष्टीला हे जमतं का? गंगाखेडची जनाबाई आपल्याच जिल्ह्यातली. इतकी शतकं तिचे अभंग बायांच्या तोंडी राहिले. त्यातल्या कितीजणींना वाचता येत होतं?

भाची : आजीच्या गोष्टीला तोड नाही, आणि ती बंद करा असं मी म्हणतच नाही. पण तुम्ही जो छापील गोष्टीचा दोष सांगता, तोच मला तिचा गुण वाटतो. आजीची गोष्ट रोज बदलते, पुस्तकातली बदलत नाही. लेकीला एकच पुस्तक रोज हवं असतं. चौथ्या-पाचव्या वेळी माझ्याआधी तीच वाक्य म्हणते. एखादा शब्द मी मुद्दाम बदलला, तर हात धरून थांबवते. या काळ्या खुणांत काहीतरी ठरलेलं आहे, आई वाचो की बाबा, तेच वाक्य निघतं, हे तिला कुणी न शिकवता कळलं. वाचायला शिकण्याआधी मुलाला कळायला हवी ती हीच गोष्ट.

मामा : म्हंजे शेवटी आलीसच अक्षरावर. हा लोभच मला पटत नाही. तीन वर्षांच्या लेकराला पुस्तक, साडेतीनला पाटी, चारला शिकवणी. गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ वाचलंस ना? त्यातला शिक्षक वर्गात गेला की धडा बाजूला ठेवून गोष्ट सांगायला बसतो. ताराबाई मोडक भावनगरला त्याच गिजुभाईंबरोबर काम करून आल्या. १९४५ साली बोर्डीला त्यांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन खेड्यातल्या लेकरांची बालवाडी उभी केली, पुढं कोसबाडला गेल्या. लेकरं वर्गात येत नाहीत, तर आपण त्यांच्या अंगणात जाऊ, हा त्यांचा विचार. अंगणवाडीची कल्पना तिथं रुजली, १९७५ला सरकारनं एकात्मिक बालविकास योजना आणली ती नंतर. गाणी, गोष्टी, माती, पानं-फुलं, हे त्यांचं शिक्षण होतं. लेकराला लवकर साक्षर करायची घाई त्यांना नव्हती.

भाची : मलाही नाही. ‘हे कोणतं अक्षर? सांग बरं!’ असं ज्या दिवशी विचारलं, त्या दिवशी गोष्टीची परीक्षा झाली. बालवाडीत मी हे रोज पाहते. पालक पुस्तक उघडतात आणि दुसऱ्याच मिनिटाला प्रश्नपत्रिका काढतात. हा कोण? हत्ती. रंग कोणता? करडा. पाय किती? चार. मूल उठून जातं आणि मग पालक म्हणतात, आमच्याला वाचनाची आवडच नाही.

मामा : मग विचारायचं काय? प्रश्न तर तूही विचारतीस.

भाची : प्रश्नाप्रश्नात फरक असतो. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे आईबाप. एका गटानं नेहमीसारखं वाचून दाखवायचं. दुसऱ्या गटाला थोडं शिकवलं. ‘हे काय आहे?’ यापेक्षा ‘इथं काय चाललंय?’, ‘ती का रडत असेल?’ असं विचारा. मूल बोललं की त्याचंच वाक्य थोडं वाढवून परत म्हणा. महिनाभरानंतर चाचण्या घेतल्या, तर दुसऱ्या गटातली मुलं बोलण्यात काही महिन्यांनी पुढं निघाली.

मामा : पुस्तकं दोन्ही गटांनी वाचली होती?

भाची : हो, साधारण सारखीच.

मामा : मग फरक पुस्तकानं पडला नाही, गप्पांनी पडला. म्हंजे मी म्हणलो तेच खरं. आणि लेकरं किती होती त्या प्रयोगात?

भाची : तीसच्या आसपास. घरंही शिकलेली, सुखवस्तू.

मामा : मग त्यावरून वालूरच्या लेकराचं काय सांगणार तू?

भाची : फार नाही सांगत. एवढंच की नुसतं पुस्तक विकत आणून काही होत नाही. हा मुद्दा तुमचा, तो मी मान्य करते. पण गप्पांना विषय लागतो, मामा. दिवसभर आपण लेकराशी काय बोलतो? जेव, झोप, पळू नको, दार लाव. या बोलण्यात हत्तीची सोंड येत नाही, वादळात सापडलेली होडी येत नाही, मत्सर येत नाही, पश्चात्ताप येत नाही. त्याच १९८८ साली हेज आणि आरेन्स यांनी इंग्रजीत मोजून पाहिलं होतं. शिकलेल्या मोठ्या माणसांच्या गप्पांत जेवढे विरळ शब्द येतात, त्याहून जास्त लहान मुलांच्या पुस्तकांत निघाले. पुस्तक घरात नसलेल्या गोष्टी घरात आणतं, मग त्यावर बोलता येतं.

मामा : इंग्रजीचं इंग्रजीला. आपलं दुखणं वेगळं आहे. आपलं लेकरू ‘काय करायलास’ म्हणतं आणि पुस्तक म्हणतं ‘काय करतो आहेस’. आपण ‘काहून’ म्हणतो, पुस्तक ‘का’ म्हणतं. पहिलीत आलेली कितीतरी लेकरं मी महिना महिना गप्प बसलेली पाहिली. घरी चुरूचुरू बोलणारी. त्यांना वाटायचं, आपलं बोलणं चूक आणि गुरुजींचं बरोबर. तू ती परकी भाषा तीन वर्षं आधीच घरात आणून ठेवायलीस.

भाची : आणते खरी, पण कशी तेही बघा. शाळेत ती भाषा फळ्यावर भेटते, चुकायच्या भीतीसकट. घरी ती मांडीवर बसून, ओळखीच्या आवाजात भेटते. आणि मी वाचताना दोन्ही बोलते. पुस्तकात असतं, ‘ती रुसून बसली.’ मी वाचते आणि लगेच म्हणते, ‘गाल फुगवून बसली बघ, तू काल बसली होतीस तशी. काहून बसली असंल?’ लेकीला दोन्ही आपलेच वाटतात. एक बोलणं चूक, दुसरं बरोबर, हा विचार तिच्या डोक्यात शिरतच नाही. पहिलीत गेल्यावर ‘का’ ऐकून ती दचकणार नाही आणि ‘काहून’ म्हणायला लाजणारही नाही.

मामा : हे बाकी खरं. वर्गात मी असंच करायचो. धडा पुस्तकातला, समजावणं गावातलं. पण ज्या आईबापांना पुस्तकातली भाषा स्वतःलाच अवघड, त्यांनी काय करावं?

भाची : चित्रापासून सुरुवात करावी. काल दुपारी तुम्ही शेतात होता, तेव्हा आजी माझ्या लेकीला घेऊन एक चित्रपुस्तक बघत होती. एका पानावर बैलगाडी होती. आजी जू बघून म्हणाली, हे चित्र काढणाऱ्यानं जन्मात कधी बैल जुंपला नसंल. मग लेकीला तिनं बैल जुंपायची सगळी रीत सांगितली. कोणता बैल उजवीकडं घ्यायचा, नवा गोऱ्हा असला तर काय करायचं. अक्षर न वाचता त्या एका पानावर पाऊण तास गेला. अशा वेळी मी त्याला वाचनच म्हणते. आजीला अक्षर येत नाही म्हणून पणतीच्या वाचनात काहीच अडलं नाही.

मामा : मायनं पुस्तक हातात धरलं? मी एवढी वर्षं मास्तर, मला कधी सुचलं नाही तिच्या हातात द्यायचं! पण बघ, तिनं चूकच काढली ना? ही पुस्तकं ज्या घरांत निघतात, तिथं बाल्कनी असती, बगीचा असतो, लिफ्ट असती. आपल्या लेकराला कापसाचं बोंड माहीत, सोयाबीनची गंजी माहीत, दुधना नदीचं पाणी माहीत. ते कुठाय त्या पुस्तकांत?

भाची : कमी आहे, हे कबूल. पण अगदीच नाही असंही नाही. माधुरी पुरंदरे घ्या. ‘राधाचं घर’, ‘यश’ ही त्यांची पुस्तकं साध्या मराठी घरातलीच आहेत. आजी, आजोबा, काका, रोजची भांडणं, रोजचे हट्ट. ‘चित्रवाचन’ तर नावाप्रमाणे चित्रांवरून बोलायचं पुस्तक. २०१४ साली साहित्य अकादमीनं त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. मोठ्या माणसांनी मुलांना काहीतरी शिकवायचंच, हा हेका त्यांच्या गोष्टींत दिसत नाही. म्हणून माझ्या बालवाडीत ती पुस्तकं सगळ्यात आधी फाटतात.

मामा : फाटतात! इथंच घोडं पेंड खातं. शाळाशाळांत पुस्तकांची पेटी येती आणि कुलपात बसती. गुरुजी वाईट म्हणून नव्हे. पुस्तक हरवलं, फाटलं, तर डेडस्टॉकला काय नोंद करायची, ही धास्ती. तपासणीला साहेब आले की कोरी पुस्तकं रांगेत दाखवायची. आणि शाबासकीही त्याचीच मिळती.

भाची : नोंदवहीत फाटलेल्या पुस्तकाला ‘वापरले गेले’ असा वेगळा रकाना पाहिजे. कोऱ्या पुस्तकाबद्दल जाब विचारायला पाहिजे.

मामा : तू साहेब झालीस की कर. आता माझा खरा प्रश्न ऐक. वाचायचं कुणी? सरकी लावल्यापासून कापूस वेचेपर्यंत घरातली बाई दिवस उगवायच्या आधी उठती. संध्याकाळी चूल, मग भांडी, मग आडवं पडती. तिला तू म्हणणार, रोज रात्री लेकराला पुस्तक वाच. नाही जमलं तर उद्या शाळेत म्हणणार, आईनं लक्ष दिलं नाही. नवं काम बाईच्या डोक्यावर आणि नवा दोषही तिच्याच. आणि जे घर दसरा-दिवाळीला ऊसतोडीला निघून जातं, त्याचं काय? तिथं लेकराला झोपायला धड जागा नाही.

भाची : पहिल्या भागाचं उत्तर आहे, दुसऱ्याचं माझ्याकडं नाही. आईनंच वाचावं हे कुणी ठरवलं? बाप आहे, आजोबा आहेत, पाचवीतली ताई आहे. ताईचं तर वाचन पक्कं होईल धाकट्याला वाचून दाखवताना. रोजही नको. आठवड्यातून तीन रात्री, दहा मिनिटं, दिवा बंद करायच्या आधी. पण उसाच्या फडावरच्या लेकराला पुस्तकाची पिशवी देऊन मी हात झटकले तर ते खोटं ठरेल. त्या लेकराचं घर वर्षभर एका जागी राहावं, शाळा तुटू नये, हे आधी. त्याच्यापुढं माझा मुद्दा लहान आहे.

मामा : एवढं कबूल केलंस, बरं झालं. व्याख्यानांत हे कुणी बोलत नाही. पण ‘बाप आहे’ म्हणालीस, ते ऐकून हसू येईल लोकांना. बापानं लेकराला मांडीवर घेऊन पुस्तक वाचणं आपल्याकडं दिसतं का कुठं?

भाची : दिसत नाही, म्हणून दिसायला पाहिजे. भजनात, पारायणात पोथी पुरुषच वाचतात ना? एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात, मधे कुणी शंका काढतो, मग अर्थ सांगितला जातो. मोठ्यांचं एकत्र वाचन गावाला नवीन नाही. तेच लहानांसाठी करायचं. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आठवा. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ला पुस्तक आलं. प्रकरणांना नाव ‘रात्र’. रोज रात्री श्याम बोलतो आणि मित्र ऐकतात. सांगण्याचंच रूप आहे सगळं. पण ते कागदावर आलं, म्हणून कोकणातल्या आईची गोष्ट वालूरच्या घरात पोचली. श्यामनं नुसती सांगितली असती, तर ऐकणाऱ्या मित्रांबरोबर संपली असती.

मामा : हा मुद्दा पटला. मग मायच्या गोष्टींचंही तेच होणार. ती गेली की…

भाची : म्हणून त्या लिहा ना, मामा. तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे. मोठ्या अक्षरात, एका पानावर दोन ओळी, खाली जागा सोडून. चित्रं शाळेतली पोरं काढतील. आणि पहिलं पुस्तक आपल्या बारवेचं करा. बाहेरची माणसं येऊन फोटो काढून जातात. पण इथल्या चार वर्षांच्या लेकरासाठी त्या बारवेवर एक पुस्तक नाही. पायऱ्या गोल का फिरतात, पाणी कुठून येतं, खाली उतरल्यावर गार का लागतं, हे सगळं त्यात येईल.

मामा : आणि छापणार कोण?

भाची : आधी हातानं चार प्रती करा. छापायचंच तर वाट आहे. प्रथम बुक्स ही संस्था २००४ साली सुरू झाली, लहान मुलांसाठी कमी किमतीची पुस्तकं काढते. २०१५ पासून त्यांचं स्टोरीवीव्हर आहे. मराठीसकट अनेक भाषांतली चित्रपुस्तकं तिथं फुकट आहेत, वाचता येतात, उतरवून छापता येतात, आपली गोष्टही रचता येते. थोड्या मोठ्या मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ आहे, १९७१ पासूनचं.

मामा : म्हंजे पुन्हा मोबाईल.

भाची : मोबाईल शोधायला आणि छापायला. लेकरापुढं कागदच. पडद्यावर बोट लागलं की दुसरंच काही उघडतं आणि गप्पा तुटतात.

मामा : कागद म्हणालीस, तर वाचनालयाचं बघ. इथं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू. त्या काळात मराठी वाचायची भूक वाचनालयांनी भागवली. परभणीचं गणेश वाचनालय शंभर वर्षांहून जुनं. मराठवाड्यातली कितीतरी माणसं अशा वाचनालयांच्या बाकांवर घडली. पण बाकावर कायम मोठीच माणसं, पेपर वाचणारी. लहान लेकरू आत आलं की ‘गडबड करू नको’.

भाची : मग तुम्हीच माझं भाषण केलंत. वाचनालयात एक सतरंजी, भिंतीशी लेकराच्या हाताला लागेल एवढं खालचं फडताळ आणि आठवड्यातून एक तास गडबड करायची मुभा. इंग्लंडमध्ये १९९२ साली बर्मिंगहॅमला ‘बुकस्टार्ट’ सुरू झालं, तेव्हा त्यांनी तान्ह्या बाळांच्या घरी पुस्तकं दिली, आरोग्य केंद्र आणि वाचनालय यांच्यामार्फत. आपल्याकडं तर गावोगाव अंगणवाडी आहेच. लेकराचं वजन करायला आई येते, तेव्हा एक पुस्तक घरी न्यायचं, पुढच्या खेपेला बदलायचं.

मामा : अंगणवाडीताईला आधीच बारा नोंदवह्या आहेत.

भाची : तेराव्या नोंदवहीशिवाय करायचं. नोंद ठेवली की पुस्तक पुन्हा कुलपात जाईल.

मामा : चल, करू. पण माझी एक अट. मायच्या गोष्टी लिहिताना तिची भाषा सुधारायची नाही. ‘काहून’ तसंच राहील.

भाची : कबूल. आणि माझीही एक. ‘या गोष्टीवरून काय बोध घ्याल’ हे शेवटी लिहायचं नाही.

दोघांचं म्हणणं तोलून पाहिलं तर मामांचा मुद्दा मूळचा आहे. लेकराला वाढवतं ते मोठ्या माणसाचं लक्ष आणि त्याच्याशी झालेलं बोलणं. भाचीचा मुद्दा त्यावर उभा आहे. त्या बोलण्याला पुस्तकानं नवं रान मिळतं, छापलेल्या शब्दाची ओळख भीतीशिवाय होते आणि हे करायला घरातलं कुणी शिकलेलंच असावं लागत नाही. ज्या घरात आजी गोष्ट सांगते, त्या घरात पुस्तक जास्त लवकर रुळतं. अडचण आहे ती पुस्तक घरापर्यंत पोचण्याची, आणि ती एकट्या आईनं सोडवायची नाही.

त्यासाठी गावाच्या हातात एक साधन आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांपैकी जी ग्रामसभा जवळ असेल तिला जा. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी चित्रपुस्तकं घ्यावीत, ती अंगणवाडीतून घरी न्यायला मिळावीत आणि फाटली तर कुणाकडून भरपाई घेऊ नये, असा ठराव मांडा.